पुढे कोण उडणार?

मागच्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी आमच्या बचत गटांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय होता ‘नेतृत्व’. सकाळी पोहे-चहा, मग भाषणं, मग पडद्यावर चित्रं. त्यातल्या एका चित्रात निळ्या आभाळात हंसांचा थवा होता. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी तिरपी रांग आणि अगदी टोकाला एकच पक्षी. प्रशिक्षक म्हणाले, “ताई, हा जो पुढे आहे ना, तो यांचा लीडर. तो वारा कापतो आणि मागच्यांना वाट करून देतो. त्यामुळे थवा ७१ टक्के जास्त लांब जातो. मागचे ओरडतात ते पुढच्याला शाबासकी द्यायला! एखादा आजारी पडून खाली उतरला, तर दोघं त्याच्यासोबत उतरतात. आहे की नाही शिकण्यासारखं?” मग आमच्या अध्यक्षताईंकडे हात करून म्हणाले, “या तुमच्या थव्यातल्या पहिल्या हंस!” आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या.

परतताना जीपमध्ये आम्ही सात-आठ जणी कोंबून बसलो होतो. अध्यक्षताई खिडकीशी. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आठ वर्षं झाली गं पुढे राहून. बँकेत मी, पंचायत समितीत मी, कुणाचा हप्ता थकला की त्याच्या दारात मी. त्या हंसाला कुणी विचारलं का, दमलास का म्हणून?”

कुणीच काही बोललं नाही. बोलल्या त्या फक्त मागच्या सीटवरच्या मावशी. मावशींची जमीन धरणाच्या काठाला आहे, गाळपेराची. “कंची हंसं? ती डोक्यावर काळं पट्टं असल्याली? माझा हरभरा खात्यात ती रातच्याला. त्यांच्याकडनं काय शिकायचं!”

सगळी जीप हसली. माझ्या डोक्यात मात्र ताईंचा प्रश्न राहिला. खरंच, पुढचा पक्षी दमत नाही का? आणि दमला तर पुढे काय होतं?

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठी. भीमेवरच्या या धरणाचं पाणी इतकं लांबवर पसरलंय की हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांची इथे रीघ लागते. भिगवणकडे लोक गाड्या करून येतात ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायला. गुलाबी रंगाचं कौतुक कुणाला नसतं! त्या गर्दीत मावशींच्या हरभऱ्यावरच्या हंसांकडे फारसं कुणी बघत नाही. मीही इतकी वर्षं बघितलं नव्हतं. आपल्याच दारचं असलं की ते दिसत नाही, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

एका पहाटे मावशींबरोबर गेले. अजून नीट उजाडलं नव्हतं. पाण्यावर धुकं होतं. मावशींनी हातातला पत्र्याचा डबा वाजवला आणि हरभऱ्यातून चाळीस-पन्नास पक्षी एकदम उठले. ‘आँग, आँग’ असा कलकलाट. आधी सगळा नुसता गोंधळ, लग्नघरातल्या पंगतीसारखा. मग बघता बघता त्यांची एक तिरपी ओळ झाली, थोड्या वेळानं दुसरी फुटली, आणि पाण्यावरून जाताना आभाळात नांगराच्या फाळासारखा आकार उभा राहिला. मी आ वासून बघत राहिले. मावशी वाकून शेंडे मोजत होत्या, किती खाल्ले ते.

या पक्ष्याचं मराठी नाव पट्टकादंब. करडा-पांढरा रंग, पिवळी-नारिंगी चोच, तसेच पाय आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, जणू कुणी काजळाची दोन बोटं ओढलीत. दमयंतीच्या चित्रातला पांढराशुभ्र, लांब मानेचा हंस तो हा नव्हे. तो आपल्याकडे क्वचितच येतो. आपल्या तळ्यांवर येणारा हंस म्हणजे हा कादंब. वजन दोन-तीन किलो, म्हणजे भाजीच्या पिशवीएवढं. आणि याचं माहेर कुठे, तर तिबेटच्या पठारावर, मंगोलियात, किरगिझस्तानात. माहेर अशासाठी म्हणते की बाळंतपणं तिकडेच होतात! मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले पक्षी भारतातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. तिथून इथे यायचं तर मधे हिमालय आडवा येतो. त्याविषयी पुढे सांगतेच.

आधी त्या ७१ टक्क्यांचा हिशोब. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला कामाला लावलं. तिनं शोधून काढलं की हा आकडा हवेतून आलेला नाही. १९७० साली दोन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात गणित मांडलं होतं. पंचवीस पक्षी अशा रांगेत उडाले तर एकट्या पक्ष्यापेक्षा साधारण ७० टक्के जास्त अंतर जाऊ शकतील, असं ते गणित. पण ते कागदावरचं गणित होतं, पक्षी कुणी मोजले नव्हते. आपण नाही का महिन्याचं बजेट मांडतो, तसंच. महिनाअखेरीस काय उरतं ते वेगळं!

खरी मोजणी २००१ मध्ये छापून आली. सेनेगल देशात फ्रेंच शास्त्रज्ञांनी पाणकोळ्यांना, म्हणजे पेलिकनांना, मोटरबोटीच्या आणि छोट्या विमानाच्या मागे उडायला शिकवलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. रांगेत उडणाऱ्यांचे ठोके एकट्यानं उडणाऱ्यापेक्षा कमी पडत होते. ते पंख कमी हलवत होते, जास्त वेळ नुसतेच तरंगत होते. हिशोब केला तर बचत निघाली ११ ते १४ टक्के. ७१ कुठे आणि १४ कुठे! पण हजारो किलोमीटर जाणाऱ्याला शेकडा चौदा म्हणजे काही थोडं नाही. आमच्या गटात शेकड्यातल्या एका रुपयावरून काय काय भांडणं झालीत ते मला ठाऊक आहे.

आता ही बचत होते कशी? प्रशिक्षक म्हणाले तसा पुढचा पक्षी ‘वारा कापून वाट करून’ देत नाही. पातेल्यात पाणी घेऊन बघा. तळहात आडवा धरून पाणी खाली दाबा. हाताखालचं पाणी दबतं, पण बोटांच्या कडेनं ते उसळून वर येतं आणि तिथे भोवरा फिरतो. पंखाचंही तसंच. पंख हवा खाली ढकलतो, म्हणून पक्षी वर राहतो. पण पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळसा घेते. म्हणजे पुढच्या पक्ष्याच्या अगदी पाठीमागे हवा खाली जात असते, आणि त्याच्या पंखाच्या टोकापलीकडे वर येत असते. मागच्यानं अगदी पाठीमागे उडायचं म्हटलं तर त्याला उलट जास्त कष्ट. थोडं तिरपं, बाजूला राहिलं तर वर येणारी हवा आयती मिळते. म्हणून ती रांग तिरपी. आकार शोभेचा नाही, सोयीचा आहे.

आणि नुसतं जवळजवळ उडून काही मिळत नाही बरं का. पारव्यांचा थवा दाटीवाटीनं उडतो, तेव्हा प्रत्येकाला एकट्यानं उडण्यापेक्षा जास्त मेहनत पडते, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या ज्वारीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या भोरड्या घ्या. त्याही दूरच्या, मध्य आशियाकडच्या पाहुण्या. हजारोंच्या संख्येनं आभाळात अशा काही वळतात की गोफण हातात तशीच राहते. पण तो ढग असतो, रांग नव्हे. इवल्या पंखांची हवा मागच्याच्या कामी येण्यासारखी नसते. ससाण्यापासून जीव वाचवायला गर्दी बरी, एवढंच. रांगेचा फायदा मोठ्या पंखाच्या, सावकाश पंख हलवणाऱ्या पक्ष्यांना. करकोचे, पाणकोळी, हंस यांना.

तिरपं उडायचं हे समजलं, पण पंख तर वरखाली होत असतात. म्हणजे ती वर येणारी हवासुद्धा एका जागी थांबत नाही, लाटेसारखी वरखाली जाते. मग मागच्याला ती सापडते कशी? याचं उत्तर २०१४ मध्ये मिळालं, आणि त्याची गोष्ट मला फार आवडली.

युरोपात टकल्या डोक्याचा एक आयबिस पक्षी होता. मध्य युरोपातून तो सुमारे ४०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. शिकार फार झाली. ऑस्ट्रियातल्या काही मंडळींनी प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांपासून पिल्लं वाढवून त्यांना पुन्हा मोकळ्या आभाळात सोडायचं ठरवलं. अडचण एकच. हिवाळ्यात आल्प्स ओलांडून दक्षिणेला जायचं, ही ओढ पिल्लांना उपजत असते, पण वाट मोठ्यांच्या मागून जाऊनच कळते. आणि वाट माहीत असलेलं मोठं माणूस, म्हणजे मोठा पक्षी, त्यांच्यात उरलाच नव्हता. मग माणसांच्या मुलीच त्यांच्या आया झाल्या. पिल्लं अगदी लहान असल्यापासून भरवायचं, कुशीत घ्यायचं, सतत बोलत राहायचं, पिल्लांना ओळखू यावं म्हणून पिवळे कपडे घालायचे. पिल्लं मोठी झाली की एक हलकं विमान, मागच्या सीटवर ही आई, हातात कर्णा. ती हाका मारते आणि पिल्लं तिच्या मागे उडत येतात. इटलीपर्यंत! २००४ पासून हे चाललंय. हवामान बदलल्यामुळे पक्षी उशिरा निघू लागले आणि तोवर आल्प्स ओलांडणं अवघड होऊ लागलं, म्हणून २०२३ मध्ये वाट बदलून त्यांना दोन हजार किलोमीटरहून दूर, स्पेनला नेलं.

अशाच एका प्रवासात चौदा पिल्लांच्या पाठीवर छोटी यंत्रं बांधली होती. पंखाची प्रत्येक फडफड टिपणारी. त्यातून दिसलं की मागचा पक्षी नुसता योग्य जागी राहत नाही, तर तालही सांभाळतो. पुढच्याच्या पंखाचं टोक हवेत ज्या वाटेनं गेलं, त्याच वाटेवरून मागच्याचं टोक जाईल अशा बेतानं तो पंख मारतो. आणि चुकून अगदी पाठीमागे आला तर ताल उलटा करतो, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेचा त्रास कमी. भोंडल्यात फेर धरताना पुढचीचं पाऊल बघून आपण पाऊल टाकतो ना, अगदी तसं. फरक इतकाच, की हे सगळं अर्ध्या वर्षाचीही नसलेली पिल्लं करत होती, तीही कुठला मोठा पक्षी बघून नव्हे.

आणि आता अध्यक्षताईंचा प्रश्न. त्याच यंत्रांच्या नोंदी पुन्हा तपासून २०१५ मध्ये दुसरा निबंध आला. पुढे कोण होतं? तर कायमचं कुणीच नव्हतं. पुढच्याला वर येणारी हवा मिळत नाही, त्याला सगळ्यात जास्त कष्ट. म्हणून ते सारखी जागा बदलत होते. प्रत्येक पक्षी सरासरी ३२ टक्के वेळ दुसऱ्याच्या मागे राहून फायदा घेत होता आणि जवळपास तितकाच वेळ पुढे राहून दुसऱ्याला फायदा देत होता. दोन-दोनच्या जोड्या बघितल्या तर हिशोब आणखी चोख. तू माझ्यापुढे जितका उडलास, तितका मी तुझ्यापुढे. नुसतं मागे राहून फुकटचं खाणारा त्यांना सापडला नाही.

हे वाचल्यावर मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला. म्हणजे पडद्यावरच्या त्या चित्रात टोकाला जो होता तो लीडर नव्हताच. फोटो काढला त्या क्षणी त्याची पाळी होती, बस्स.

हंसांच्या थव्यातही पुढचा पक्षी बदलताना साध्या डोळ्यांनी दिसतो. थोडा वेळ मान वर करून उभं राहावं लागतं, इतकंच. बाकी प्रशिक्षकांच्या गोष्टींपैकी कलकलाट हा शाबासकीचा नव्हे, तो ‘कुठे आहेस? इथे आहे’ असा असतो. रात्रीच्या अंधारात थवा एकत्र राहायला, आपलं माणूस ओळखायला तो लागतो. आणि आजाऱ्याबरोबर दोघांनी उतरायचं, असा काही नियम नाही. हंसांची जोडी बहुधा जन्माची असते, म्हणून जोडीदार मागे रेंगाळतो, हे खरं. नर्सची ड्यूटी लावल्यासारखे दोघं उतरतात, हे आपल्या मनाचं.

पण प्रशिक्षकांनी न सांगितलेली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. हंसांचं घर सगळंच्या सगळं मिळून प्रवास करतं. उन्हाळ्यात पिल्लं वाढत असतात तेव्हा आई-बापांची उडायची पिसं एकदमच गळून पडतात. काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. पिल्लांच्या पंखांत बळ येतं, तोवर त्यांनाही नवी पिसं फुटतात आणि मग सगळे मिळून निघतात. पहिल्या वर्षीची वाट पिल्लू आई-बापांच्या सोबतीनं शिकतं. सगळ्या पक्ष्यांत असं नसतं हो. गॉडविट नावाचा चिखलात चोच खुपसणारा पक्षी आहे. त्याची मोठी माणसं आधी निघून जातात आणि पिल्लं मागाहून आपली आपण. २०२२ च्या ऑक्टोबरात अवघ्या पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं. १३,५६० किलोमीटर, मधे एकही थांबा नाही, दाणा नाही, पाणी नाही. निघण्यापूर्वी हे पक्षी इतकं खातात की निम्म्याहून जास्त वजन चरबीचंच होतं, आणि आतड्यासारखे तूर्त नको असलेले अवयव आक्रसून घेतात. वाट कुणी दाखवली? कुणीच नाही. ती त्याच्या रक्तातच होती. हंसाचं पिल्लू मात्र आईमागून जाणारं.

आणि आई म्हणून ते कुणालाही मानतं! ऑस्ट्रियाचे कॉनरॅड लॉरेन्झ यांनी हे १९३०च्या दशकात दाखवून दिलं. अंड्यातून बाहेर पडल्यावर हंसाच्या पिल्लाला जे हलतं-बोलतं पहिल्यांदा दिसतं, ती त्याची आई. लॉरेन्झ पुढे आणि पिल्लांची रांग मागे, असे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. त्यांना १९७३ मध्ये नोबेलही मिळालं.

याचाच उपयोग करून घेतला जेसिका मायर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी. त्यांना आपले पट्टकादंबच अभ्यासायचे होते. प्रश्न असा, की जिथे हवेत प्राणवायू निम्म्याहून कमी, तिथे हा पक्षी पंख मारतो कसा? आपण तिथे नुसते बसलो तरी धाप लागेल. उडणं हे तर धावण्यापेक्षा किती तरी कष्टाचं काम. रानातला पक्षी धरून नळ्या लावल्या तर तो घाबरून उडणारच नाही. म्हणून जेसिकाबाई आणि त्यांच्या एका विद्यार्थिनी-सहकारी अंडी फुटायच्या वेळी हजर राहिल्या आणि पिल्लांच्या आया झाल्या. त्यांना घेऊन फिरल्या, त्यांच्यात झोपल्या. पंख फुटल्यावर बाई सायकलवर आणि मग स्कूटरवर, आणि शेजारून त्यांच्या खांद्याला खांदा लावून उडणारे हंस! मग कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विद्यापीठात, जिथे पंख्यानं जोराचा वारा सोडता येतो अशा बोगद्यात, तोंडाला छोटा मास्क लावून ते उडाले. मास्कमधला प्राणवायू कमी करत एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो जवळपास तितका केला. तरी पक्षी उडत राहिले. ठोके जवळपास तेवढेच, पंखांचा वेगही तोच. पण शरीर खर्च आखडता घेत होतं, आणि रक्त थोडं थंड होत होतं. थंड रक्तात प्राणवायू जास्त मावतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही प्राणवायू धरून ठेवण्यात इतर हंसांपेक्षा पटाईत आहे. म्हणजे पगार निम्मा झाला तर आरडाओरडा न करता घरखर्च बसवणारी बाई असते ना, तसं हे शरीर.

हा निबंध २०१९ च्या सप्टेंबरात आला. त्याच महिन्यात जेसिका मायर स्वतः अंतराळात गेल्या आणि १८ ऑक्टोबर २०१९ ला क्रिस्टिना कॉक यांच्यासोबत त्यांनी अंतराळयानाबाहेर पाऊल टाकलं. दोघीही बायका असलेला तो जगातला पहिला स्पेसवॉक. हंसांच्या आईनं हंसांपेक्षा उंच जाऊन दाखवलं!

आता हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरून हंस जाताना बघितले, अशी गोष्ट गिर्यारोहकांमध्ये फार जुनी. ऐकायला छान. पण गेल्या वीसेक वर्षांत पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, तेव्हा वेगळंच दिसलं. लूसी हॉक्स या संशोधक बाईंच्या अभ्यासात भारतातले आणि मंगोलियातले हंस होते. सगळ्यात उंच नोंद ७,२९० मीटर. उंच आहेच, पण बहुतेक नोंदी साडेपाच हजार मीटरच्या आतल्या. उगाच शिखरावरून जाण्याची हौस त्यांना नाही. दोन डोंगरांमधली खिंड, दरी, सखल वाट बघून ते जातात. पायथ्यापासून सात-आठ तासांत एका दमात चढून पार होतात. आणि दिवसा नव्हे, रात्री आणि पहाटे. मला वाटलं होतं, दुपारी दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याची मदत घेत असतील. पण त्यांना तो वारा नकोच असतो. रात्रीची हवा शांत असते, थंड असते, म्हणून दाट असते. पंखाला धरायला काही तरी मिळतं आणि वादळाची भीती कमी.

२०१५ मध्ये मंगोलियाच्या हंसांबद्दल आणखी एक कळलं. एकदा वर चढले की ते वरच राहत नाहीत. डोंगर उतरला की तेही उतरतात, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतात. जत्रेतल्या पाळण्यासारखं. मिळवलेली उंची अशी घालवायची म्हणजे वेडेपणा, असं आपल्याला वाटेल. पण वरच्या विरळ हवेत टिकून राहायला इतके कष्ट पडतात, की उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं.

हे वाचताना मला शाळेतल्या संस्कृतच्या बाईंची आठवण झाली. ‘मेघदूता’त यक्ष ढगाला हिमालयातली वाट सांगतो, तेव्हा क्रौंच पर्वतातल्या एका खिंडीचा उल्लेख येतो. कालिदासानं तिला हंसद्वार म्हटलंय. मानसरोवराकडे जाणारे हंस ज्या फटीतून जातात ते दार. म्हणजे हंस शिखरावरून नाही, खिंडीतून जातात, हे आपल्याकडे केव्हापासून माहीत होतं! आता कालिदासाचे हंस निघतात पहिल्या ढगाबरोबर, आणि आमच्याकडचे मार्च-एप्रिलमध्येच चालू पडतात. पण तेवढं कवीला माफ.

विमान बनवणाऱ्या एअरबस कंपनीनंही हंसांची शिकवणी लावली, हेही सांगून टाकते. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांची दोन मोठी विमानं फ्रान्समधून कॅनडाला गेली, एक पुढे आणि एक तीन किलोमीटर मागे, तिरपं. पुढच्याच्या पंखाची वर येणारी हवा मागच्याला. सहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड वाचला. मात्र मधेच जागा बदलून मागच्यानं पुढे यायचं, ते त्यांना जमलं का, असं माझ्या लेकीनं विचारलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे दोनच होती, आणि पेट्रोलचं बिल एकाच घरी येतं.

जानेवारीतल्या गटाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. थोडं भीत भीतच. ताईंना वाईट वाटेल की काय, असं वाटत होतं. त्या ऐकत राहिल्या. मग पिशवीतून बँकेचं पासबुक, वही आणि शिक्का काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. “या महिन्यात कोण?” म्हणाल्या. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ते माझ्याकडेच आलं, कारण बोलले मीच होते! पहिल्याच फेरीत मी बँकेत ठराव न्यायला विसरले, परत पाठवलं, एसटीचे दोन्ही वेळचे पैसे गेले. ताई घरी बसून हसल्या म्हणे. फेब्रुवारीत मावशींनी वही घेतली. त्यांना लिहिता येत नाही, त्या नातवाकडून लिहून घेतात, पण थकलेला हप्ता वसूल करायला त्यांच्यासारखी कुणी नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या रानात गेले होते. हरभरा निघाला होता, पाणी खूप मागे सरलं होतं. अंधार पडता पडता पाण्यावरून कलकलाट ऐकू आला. एक रांग उठली, मग दुसरी. वर गेल्यावर टोकाचा पक्षी बाजूला सरकून मागे आला आणि त्याच्या जागी दुसरा गेला. मी मावशींना हात धरून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. आवाज विरत गेला, उत्तरेकडे.

“गेली एकदाची,” मावशी म्हणाल्या. पत्र्याचा डबा उचलून कमरेवर घेतला आणि बांधापर्यंत गेल्यावर वळून विचारलं, “परत कवा येत्यात गं? दिवाळीला?”